रविवारी गाडी चालू करायची नाही

परवा, ३१ ऑक्टोबरला, दुपारी दोनलाच लॅपटॉप मिटला आणि मोटरसायकल काढली. दक्षिण जर्मनीतल्या एसलिंगनहून मेट्झिंगन, तिथून बाड उराख, मग घाट चढून श्वेबिशे आल्बच्या पठारावर आणि परत. बीचच्या झाडांची पानं रस्त्यावर गळून ओली झाली होती. वळणावर ती शेवाळासारखी निसटतात, म्हणून सगळा घाट तिसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला शक्यतो हात न लावता चढले. आधीच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे गेली, त्यामुळे आता पाच वाजताच सूर्य मावळतो. उतरताना हेल्मेटच्या काचेवर वाफ धरत होती आणि हातमोज्यांच्या आत बोटं दुखत होती. तरीही परत फिरावंसं वाटत नव्हतं, कारण ही वर्षातली शेवटची फेरी.

माझ्या नंबरप्लेटच्या उजव्या कडेला दोन आकडे एकाखाली एक कोरलेले आहेत: वर ०३, खाली १०. जर्मनीत ही हंगामी नंबरप्लेट मिळते. माझी गाडी १ मार्च ते ३१ ऑक्टोबर एवढेच दिवस रस्त्यावर चालते, टॅक्स आणि विमाही तेवढ्याच आठ महिन्यांचा भरते. बाकीचे चार महिने तिला चालवायचं तर नाहीच, सार्वजनिक रस्त्याच्या कडेला उभीसुद्धा करायची नाही. म्हणून घरापासून पाच मिनिटांवर रांगेतली एक छोटी गॅरेज भाड्याने घेतली आहे. लोखंडी शटर, सिमेंटची जमीन, विजेचा एकही प्लग नाही. तिथे माझी रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर झोपते. चेन्नईच्या कारखान्यात जन्मलेली गाडी आणि चिपळूणची मी, दोघींनाही इथली थंडी शिकावी लागली.

काल शनिवारी, १ नोव्हेंबरला, इथे सुट्टी होती. दिवसभर गॅरेजमध्ये बसून गाडी निजवली. संध्याकाळी बाबांचा फोन आला. आमच्यात या एकाच विषयावर बराच काळ वाद चालला होता, म्हणून लिहायला बसले आहे. इथे नव्याने आलेल्या आणि गाडी घेतलेल्या मराठी मुलामुलींना घरून हाच सल्ला मिळत असणार: "आठवड्यातून एकदा चालू करून ठेवत जा." माझं म्हणणं आहे, अजिबात करू नका.

पहिल्या हिवाळ्यात मी तेच केलं होतं. २०२२ला इथे आले. भारतातलं लायसन इथे सहाच महिने चालतं, त्यानंतर मोटरसायकलची परीक्षा पुन्हा द्यावी लागली. २०२३च्या उन्हाळ्यात ही जुनी गाडी घेतली. नोव्हेंबर आला आणि बाबांनी बजावलं, "गाडी नुसती उभी ठेवशील तर बसेल हो. दर रविवारी चालू करायची." मग दर रविवारी अकरा वाजता, म्हणजे चिपळूणला साडेतीन, त्यांच्या चहाच्या वेळेला, मी शटर उघडून गाडी अंगणात ढकलायची, व्हिडिओ कॉल लावायची आणि स्टार्टर मारायची. पाच मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवायची. बाबा डोळे मिटून आवाज ऐकायचे, म्हणायचे, "छान. कर बंद." ती पाच मिनिटं आम्हा दोघांना फार हवीशी होती, त्यामुळे गाडीला काय होतंय हे बघायचं राहून गेलं.

फेब्रुवारीत एका रविवारी बटण दाबलं तर नुसतं टकटक. बॅटरी गेली होती. मार्चमध्ये ऑइल भरायचं झाकण उघडलं आणि पोटात गोळा आला. झाकणाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळा, मऊ थर. ताक घुसळल्यावर रवीला लोणी चिकटतं ना, अगदी तसा. बोटाने पुसला तर चिकट आणि ओला. ऑइलमध्ये पाणी. गाडी मागे कलवली तर दोन्ही सायलेन्सरमधून तांबूस पाणी टपटपलं.

पाणी आलं कुठून? गाडी तर पावसात गेलीच नव्हती. ते इंजिनानेच तयार केलं होतं. पेट्रोल जळतं तेव्हा त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं, आणि थोडंथोडकं नाही: एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी. गाडी तापलेली असेल तर ते वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. पण दोन अंश थंडीत, रात्रभर गारठलेल्या लोखंडात ती वाफ लगेच थिजते. सायलेन्सरमध्ये साचते. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा धूर खाली ऑइलकडे झिरपतोच, त्याच्याबरोबर वाफही जाते. ऑइल चांगलं कडक तापलं तर ते पाणी उडून जातं, पण त्यासाठी गाडी रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं पळायला हवी. जागेवर पाच मिनिटं चालवून ऑइल कोमटसुद्धा होत नाही. म्हणजे दर रविवारी मी इंजिनात नवं पाणी घालत होते आणि बाहेर काही काढत नव्हते. बॅटरीचंही तसंच. थंडीत स्टार्टर जेवढा करंट ओढतो, तेवढा पाच मिनिटांत परत भरला जात नाही. दर आठवड्याला थोडी थोडी रिकामी होत गेली.

हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांना पटलं नाही. त्यांची येझदी १९८४ची. चाळीस वर्षं त्यांनी ती दर रविवारी चालू केली आहे आणि ती आजही दुसऱ्या किकला सुरू होते. याच्यापुढे माझी इंटरनेटवरची माहिती काय टिकणार? मी तापमानाचा मुद्दा काढला: चिपळूणला थंडी म्हणजे पहाटेचे सोळा-सतरा अंश. "बरं, पण बंद गाडीला गंज चढतोच ना?" मग मी येझदीचाच मुद्दा काढला. ती टू-स्ट्रोक. तिचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं, प्रत्येक किकबरोबर ताजं ऑइल बेअरिंगपर्यंत जातं. पाण्याने खराब व्हायला इंजिनाखाली ऑइलचा साठाच नाही, आहे ते वेगळं गिअर ऑइल. स्टार्टर नाही, त्यामुळे बॅटरी दमण्याचा प्रश्न नाही. तुमची पद्धत तुमच्या गाडीला बरोबर आहे, माझ्या गाडीला नाही. बाबा म्हणाले, "असेल." त्यांचं "असेल" म्हणजे "नसेल".

शेवटी मला पूर आठवला.

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. मी तेव्हा घरूनच काम करत होते, पेठमापला. पहाटे अंगणात घोट्याएवढं असलेलं पाणी बघता बघता खिडकीच्या गजांना लागलं. आम्ही वरच्या मजल्यावर. येझदी खाली पडवीत, पूर्ण पाण्यात. पाणी उतरल्यावर सगळीकडे चिखलाचा जाड थर आणि तो वास. गल्लीतले लोक आपापल्या गाड्या पुसून स्टार्टर मारत होते, किक मारत होते. शेजारचा मुलगा मदतीला आला आणि त्याने येझदीच्या किकवर पाय ठेवला. बाबा कधी कोणावर ओरडत नाहीत. त्या दिवशी ओरडले: "पाय काढ आधी!"

मग त्यांनी मला समजावलं. सिलेंडरमध्ये पाणी आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. वर येणारा पिस्टन पाण्यावर आपटला तर कनेक्टिंग रॉड वाकेल. आधी स्पार्क प्लग काढायचा. प्लग काढून त्यांनी हाताने हळूहळू किक खाली नेली आणि प्लगच्या भोकातून गढूळ पाण्याची चिळकांडी उडून त्यांच्या बनियनवर आली. पुन्हा, पुन्हा, नुसती हवा येईपर्यंत. मग गिअर ऑइल काढलं. दुधाच्या चहासारखं. दोन्ही सायलेन्सर काढून उलटे टांगले, चिखल निथळायला. पॉइंट, मॅग्नेटो, कार्बोरेटर, सगळं खोलून रॉकेलने धुतलं आणि पेपरवर मांडलं. कित्येक दिवस त्यांनी ती गाडी सुरू करायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. लोक विचारायचे, "अजून चालू नाही केलीत?" बाबा म्हणायचे, "आत पाणी असताना चालू करण्यापेक्षा बंद बरी."

मी त्यांना फोनवर हेच वाक्य परत ऐकवलं. म्हटलं, बाबा, माझ्या गाडीच्या आत मीच दर रविवारी पाणी भरत होते. पलीकडे बराच वेळ शांतता. मागे आईने कुकरची शिट्टी काढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "मग निजवायचीच तर नीट निजव. अर्धवट नको."

तेव्हापासून नीट निजवते. गाडीचा माझ्याकडे हा तिसरा हिवाळा, नीट निजवण्याचा दुसरा.

सगळ्यात आधी ऑइल. लोक म्हणतात वसंतात बदलू, गाडी काढताना. माझं मत उलटं. हंगामभर वापरलेल्या ऑइलमध्ये जळालेल्या पेट्रोलची आम्लं आणि पाणी असतं, ते चार महिने बेअरिंगवर का बसू द्यायचं? इथे तासावर भाड्याने मिळणाऱ्या वर्कशॉप असतात. लिफ्ट त्यांची, पान्हे त्यांचे, काम आपलं. २५ तारखेला तिथे जाऊन गरम इंजिनातून जुनं ऑइल काढलं, फिल्टर बदलला, नवं दहा-डब्ल्यू-पन्नास भरलं. या वेळी झाकण स्वच्छ होतं. जुनं ऑइल डब्यात भरून दुकानात परत दिलं. जिथून नवं घेतलं तिथे पावती दाखवली की तेवढंच जुनं त्यांनी घ्यायचं, असा इथला कायदा आहे. चिपळूणला जुनं ऑइल आजोबा गोठ्याच्या खांबांना फासायचे, वाळवी लागू नये म्हणून. पहिल्यांदा ते परत देताना हातातून काहीतरी वाया गेल्यासारखं वाटलं होतं.

पेट्रोल टाकी काठोकाठ. टाकी लोखंडाची, अर्धी रिकामी ठेवली तर वरच्या हवेतला दमटपणा आतल्या पत्र्यावर धरतो आणि गंज आतून सुरू होतो. इथे पंपावर ई-टेन स्वस्त मिळतं, दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून शेवटची टाकी मी ५ टक्क्यांपर्यंतच इथेनॉल असलेल्या सुपर प्लसची भरते. त्यात पेट्रोल टिकवणारं औषध, बाटलीवर लिहिलंय तेवढंच. औषध टाकून मग पंधरा-वीस मिनिटं चालवायचं, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचतं. परवाची पंपापासून घरापर्यंतची शेवटची चक्कर त्यासाठीच होती. बाबांच्या गाडीला आता भारतात मिळणारं वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. ते गाडी ठेवताना कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवतात. दोघंही एकाच शत्रूशी लढतोय.

काल सकाळी गाडी धुतली. गार पाण्याने आणि हाताने. प्रेशरचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर आणि चेनवर कधी मारू नये, ग्रीस उडून पाणी आत जातं. घाटाच्या माथ्यावर थंडी लवकर पडते आणि रस्त्यावर मीठ टाकायला सुरुवात झालेली असू शकते. मीठ दिसत नाही, पण क्रोमला महिन्याभरात पांढरे फोड येतात. कोकणात खारी हवा, इथे खारा रस्ता. मग कोरडं फडकं, आणि ते करून गाडी दोन तास शटर उघडं ठेवून वाळू दिली. ओल्या गाडीवर कव्हर घालण्याइतकी वाईट गोष्ट नाही.

वाळेपर्यंत चेन. जुन्या टूथब्रशने आणि चेन क्लीनरने घासली, फडक्यात धरून चाक फिरवत पुसली, मग आतल्या बाजूने स्प्रे. माझ्या चेनच्या कड्यांमध्ये रबराच्या बारीक रिंगा आहेत, त्यांना पेट्रोल लावायचं नाही.

आणि मग स्पोक. या कामाला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि मला तेच सगळ्यात आवडतं. मृग लागायच्या आधी बाबा येझदीच्या स्पोकना तेल लावायचे. मी सहा-सात वर्षांची, पलीकडच्या बाजूला पाटावर बसलेली. ते बाहेरून, मी आतून, कारण माझी बोटं बारीक. एरंडेलाचा तो चिकट वास आणि वर ढग जमलेले. काल गॅरेजमध्ये पाट नव्हता, उलटी बादली होती. तेलाऐवजी गंज रोखणारा पातळ स्प्रे फडक्यावर घेतला आणि एकेक स्पोक धरून वरपासून खाली निपलपर्यंत पुसत गेले. निपलपाशी, जिथे तार रिममध्ये शिरते, तिथेच ओल बसते. तिथे फडक्याचं टोक पिळून घालावं लागतं. डिस्क आणि ब्रेक पॅडवर मात्र थेंबही जाता कामा नये, म्हणून डिस्कवर आधी जुना टी-शर्ट बांधते. चाक फिरवत फिरवत परत पहिल्या स्पोकपाशी आलं की बोटांना कळतं. पहिला स्पोक मी व्हॉल्व्हशेजारचा धरते. बाबाही तिथूनच सुरू करायचे.

बॅटरी काढताना आधी ऋण टोक, नंतर धन. बसवताना उलटं. गॅरेजमध्ये वीज नाही म्हणून बॅटरी घरी, तळघरातल्या फळीवर येते. तिथे महिन्यातून एकदा ऑटोमॅटिक चार्जर लावते. पूर्ण भरलेली बॅटरी या भागातल्या कुठल्याही थंडीत गोठत नाही. रिकामी मात्र उणे दहाच्या आसपास गोठून तडकू शकते. माझी पहिली बॅटरी मी रविवारच्या त्या पाच मिनिटांपायी घालवली, दुसरी अजून टिकून आहे.

टायरमध्ये नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा, गाडी डबल स्टँडवर, पुढच्या टायरखाली लाकडी फळी. एवढं पुरतं.

वर सोलापुरी चादर. दुकानातलं प्लास्टिकचं कव्हर पहिल्या वर्षी घातलं होतं, आतून थेंब धरले. सुती चादरीतून हवा खेळते. ही चादर आईने पहिल्या खेपेला बॅगेत कोंबली होती, तुला थंडी वाजेल म्हणून. लाल-काळी, कडेला मोर. इथल्या थंडीत माणसाला ती अपुरी पडते, पण गाडीला बरोबर पुरते. गाडीचे खांदे, म्हणजे हँडलची दोन टोकं, तिच्यातून वर येतात आणि अंधारात कुणीतरी पांघरूण घेऊन पाठमोरं बसलंय असं दिसतं. शटर ओढताना दर वर्षी मी एकदा थांबतेच.

काल संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. पूर्वी ते आवाज ऐकव म्हणायचे, आता आकडा विचारतात. "व्होल्ट किती गो?" म्हटलं, बारा पॉइंट आठ. "आणि टाकी?" काठोकाठ. "स्पोक?" केले, एकेक करून. "व्हॉल्व्हपासून?" व्हॉल्व्हपासून. मग जरा थांबून म्हणाले, "सायलेन्सरची तोंडं बंद केलीस?"

नव्हती केली. गेल्या वर्षीही नव्हती केली आणि काही झालं नाही, असं मी म्हणाले. बाबा म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी येझदीच्या एअर फिल्टरात उंदरीण व्याली होती, ठाऊक आहे ना? सात पिल्लं. थंडीत तर त्यांना ऊबदार कोनाडा हवाच. उद्यावर ढकलू नको."

रात्रीचे आठ वाजले होते, बाहेर चार अंश. कपाटातून जुन्या लाल कुर्त्याचे दोन तुकडे फाडले. लाल अशासाठी, की मार्चमध्ये काढायचे राहू नयेत. खिशात टॉर्च घेतली आणि गॅरेजकडे गेले. चादर मागून उचलून दोन्ही सायलेन्सरमध्ये एकेक बोळा नीट बसवला, शेपटी बाहेर लोंबती ठेवून. फोटो काढला आणि पाठवला. चिपळूणला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. बाबा जागे होते. लगेच उत्तर आलं: "आता झोप. दोघी."